बचावफळीतला हैदराबादी

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की आपल्यातल्या बहुतेक घरांची एक तरी चक्कर बेगम बाजारात होते. पितळी समई, निरांजन, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, खिरापतीसाठी काजू-बदाम. यादी दरवर्षी तीच आणि भावावरून घासाघीसही तीच. दुसरे निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही जमीन व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हा बेगम बाजार, हे आपल्या पोरांना आपण सांगतो. पण बाजारातून गोशामहलकडे निघालो की वाटेत पोलिसांचं मैदान लागतं, आणि मोअज्जम जाही मार्केटवरून आबिद्सकडे सरळ गेलो की पुढे फतेह मैदान. या वाटेवरच्या माणसांनी एके काळी साऱ्या देशाला फुटबॉल शिकवला, हे मात्र आपण सांगत नाही. खरं म्हणजे आपल्यालाच ते धड ठाऊक नसतं.

आमचंच बघा ना. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला. अजय देवगणला सय्यद अब्दुल रहीम यांच्या भूमिकेत पाहून आम्ही भारावून घरी आलो आणि मग लक्षात आलं की हे रहीम साहेब काचिगुड्याच्या शाळेत शिक्षक होते, चादरघाटच्या हायस्कूलमध्येही शिकवत होते. म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर. जे गल्लीत होतं, ते आम्हाला पडद्यावर पाहून कळलं. स्मरणिकेसाठी हैदराबादच्या इतिहासावर काही लिहा असं संपादक मंडळींनी सांगितलं, तेव्हा ही रुखरुख मनात होती. म्हणून यंदा निजामाचे वाडे आणि मुसीचा पूर बाजूला ठेवून एका खेळाडूच्या कारकिर्दीवर लिहितो आहोत. तो गोल करणारा नव्हता, गोल होऊ न देणारा होता. नाव सय्यद नईमुद्दीन.

बचाव करणाऱ्याचं काम कसं असतं हे मराठी माणसाला वेगळं समजवायला नको. हुतुतू आपल्या रक्तात आहे. चढाई करणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात, पण सामना जातो की राहतो हे कोपऱ्यातल्या गड्यावर ठरतं. तो उगाच पुढे धावत नाही. समोरच्याच्या पायाकडे बघत आपल्या जागेवर थांबतो, आणि नेमक्या क्षणी घोटा धरतो. एक क्षण आधी हात घातला तर फसतो, एक क्षण उशीर झाला तर गडी रेषा ओलांडून गेलेला असतो. फुटबॉलमधल्या स्टॉपरचंही असंच. गोलरक्षकाच्या पुढे, बचावफळीच्या मधोमध तो उभा. बाजूने आलेला उंच चेंडू डोक्याने परतवायचा, चुकलेल्या सोबत्याची जागा भरायची, मागून ओरडून साऱ्या फळीला पुढे-मागे करायचं. दिवसभर चोख काम केलं तर वर्तमानपत्रात त्याचं नाव येत नाही. एकदा चुकला तर मथळ्यात येतं.

हे काम हैदराबादेत कसं रुजलं ते आधी पाहू.

सिकंदराबादच्या छावणीमुळे फुटबॉल इथे इंग्रजांबरोबर आला. तो आपला झाला पोलिसांच्या संघामुळे आणि रहीम साहेबांमुळे. १९०९ साली जन्मलेले रहीम साहेब स्वतः खेळाडू, पेशाने शिक्षक. १९४३ साली ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि १९६३ साली डोळे मिटेपर्यंत त्या पदावर राहिले. हैदराबाद सिटी पोलीस संघाचे ते प्रशिक्षक. त्यांच्यातला शिक्षक मैदानावरही सुटला नाही. चेंडू घेऊन एकट्याने पळायचं नाही, लगेच पुढच्याला द्यायचा, हे अंगवळणी पडावं म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत चेंडू खेळवत नेण्यालाच मनाई. कुणाचा डावा पाय कच्चा असेल, तर कच्च्या पायानेच खेळायचं. मुलाला ज्या विषयात कमी गुण, त्याचाच अभ्यास जास्त करून घ्यायचा, ही मास्तरांची जुनी रीत. फरक इतकाच की फळ्याच्या जागी मैदान होतं.

त्याचं फळ मिळालं १९५० पासून. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक भरत असे. ही स्पर्धा १८९१ पासूनची, देशातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक. हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक १९५० ते १९५४ अशी सलग ५ वर्षं जिंकला. १९५० सालीच दिल्लीचा ड्युरँड चषकही त्यांनी आणला, १९५४ साली पुन्हा. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब, लष्कराचे संघ, मुंबईच्या गिरण्यांचे आणि कंपन्यांचे संघ. त्या पाच वर्षांत कूपरेजवर सगळ्यांना हैदराबादच्या पोलिसांपुढे मान तुकवावी लागली.

इथे थोडं थांबून आपल्याच घरांकडे बघावंसं वाटतं. १९५० म्हणजे पोलीस कारवाईला जेमतेम २ वर्षं झाली होती. १९३८ च्या सत्याग्रहात आणि पुढे १९४७-४८ च्या लढ्यात ज्या मराठी घरांतली माणसं निजामाच्या तुरुंगात जाऊन आली होती, त्या घरांत ‘सिटी पोलीस’ हे शब्द काही प्रेमाने उच्चारले जात नसणार. दाराशी शिपाई आला की बायामाणसांनी आत जायचं, हा धाक इतक्या लवकर मनातून जात नाही. आणि आता त्याच नावाचा संघ मुंबईला जाऊन चषक जिंकून येत होता. त्या वेळच्या एखाद्या आजोबांना काय वाटलं असेल? दादर-गिरगावातले भाऊबंद पत्रातून विचारत असतील की तुम्ही कोणाच्या बाजूचे, आमच्या की तुमच्या पोलिसांच्या? या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कागदपत्रात मिळत नाही. पण आमच्या पिढीने लहानपणी घरात ऐकलेल्या गप्पांत ‘आपले पोलीस जिंकले’ असेच शब्द होते. ‘आपले’ हा शब्द त्या पाच-सात वर्षांत कधीतरी तयार झाला असला पाहिजे. राज्यकर्ते बदलल्याने जे मन बदलत नाही, ते कधी कधी अकरा पोरांच्या खेळाने बदलतं.

त्या संघाच्या बचावफळीत सय्यद ख्वाजा अझीझुद्दीन होते. लोक त्यांना नुसतं अझीझ म्हणत. नईमुद्दीन यांच्या आधीच्या पिढीतले हे हैदराबादचे मोठे फुलबॅक, आणि दोन ऑलिंपिकचे मानकरी. १९५२ साली हेलसिंकीला गेलेला भारतीय संघ अजून बराचसा अनवाणी खेळणारा होता. युगोस्लाव्हियाने १० गोल चढवले, आपण १ केला. बचाव करणाऱ्यासाठी यापेक्षा कडू दिवस कोणता? त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. अझीझ खेळत राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला रहीम साहेबांच्या हाताखाली जो संघ गेला, त्यात ते होतेच. शिवाय नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, सिकंदराबादचा तुलसीदास बलराम ही आपल्या शहराची माणसं. यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ३ गोल केले. उपांत्य सामन्यात पुन्हा समोर युगोस्लाव्हिया. या वेळी पहिला गोल आपला होता, आणि हरलो ते ४-१ असं. स्पर्धेत चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये त्याच्या वर भारत आजवर गेलेला नाही.

मेलबर्नच्या तारखा जरा ध्यानात घ्याव्यात. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना १ डिसेंबर १९५६ चा. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्य नकाशावरून पुसलं गेलं. मराठवाड्याचे ५ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरकडे, तेलंगण आंध्र प्रदेशात. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. ज्यांची गावं तिकडे होती त्या आपल्या कितीतरी घरांपुढे प्रश्न उभा राहिला. नोकरी तिकडे बदलून मागायची, की इथेच राहायचं? कुणाचे सख्खे भाऊ गेले, कुणाचं अर्धं घर गेलं. ज्यांनी बेगम बाजारातलं दुकान, सुलतान बाजारातलं बिऱ्हाड, जामबागच्या विवेकवर्धिनीतली मुलांची शाळा सोडली नाही, त्यांची आपण नातवंडं आणि पतवंडं.

आणि याच वेळी एक मौजेची गोष्ट घडली. राज्य संपलं, पण ‘हैदराबाद’ नावाचा फुटबॉल संघ संपला नाही. १९५६-५७ ची संतोष चषक स्पर्धा, म्हणजे राज्याराज्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, त्रिवेंद्रमला झाली. ती हैदराबादने जिंकली. पुढच्या वर्षी हीच स्पर्धा आपल्या शहरात भरली आणि हैदराबादने ती पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबईचा संघ होता. ज्या मुंबई राज्यात आपला मराठवाडा नुकताच सामील झाला होता, त्याच मुंबईला, अस्तित्वात नसलेल्या राज्याच्या नावाचा संघ सलग दोनदा हरवत होता. त्या वेळी मराठी प्रेक्षकांच्या मनात कुणासाठी टाळी होती, यावर आपल्या घरच्या बैठकीत वाद घालायला हरकत नाही. आमचं मत विचाराल तर टाळी हैदराबादसाठीच असणार. इथेच राहायचं हे एकदा ठरवल्यावर मैदानावर दुसरी बाजू घेता येत नाही.

रहीम साहेबांचं शेवटचं मोठं काम म्हणजे १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतलं सुवर्णपदक. मागे चार, मध्ये दोन, पुढे चार ही रचना १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलने जगभर गाजवली. रहीम साहेबांनी ती भारतीय संघात मुरवली होती. या रचनेत बचावफळीचं वजन वाढलं, स्टॉपरला नवी किंमत आली. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला आपण २-१ असं हरवलं, आणि त्यातला एक गोल होता जर्नेल सिंग या बचावपटूचा. आधीच्या सामन्यात डोक्याला जखम होऊन टाके पडलेले, म्हणून त्यांना मागून काढून पुढे खेळवलं, तर त्यांनी गोलच केला. रहीम साहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ ला ते गेले.

नईमुद्दीन यांचा जन्म १९४४ चा, हैदराबादचा. रहीम साहेब गेले तेव्हा ते १९ वर्षांचे होते. पण रहीम साहेबांनी तयार केलेली हवा मैदानांवर होती: एका स्पर्शात चेंडू द्या, दोन्ही पायांनी खेळा, शिस्त सोडू नका. त्या हवेत हा मुलगा वाढला. उंचापुरा, हेडिंगला पक्का, आणि गरज नसताना चेंडूशी खेळत न बसणारा स्टॉपर म्हणून त्याचं नाव झालं.

आणि मग त्याने हैदराबाद सोडलं.

१९६६ साली नईमुद्दीन कलकत्त्याला ईस्ट बंगालकडे गेले. त्याच वर्षी हैदराबादचा आणखी एक मुलगा तिथे गेला, मोहम्मद हबीब, जो पुढे कलकत्त्याचा ‘बडे मियाँ’ झाला. दोघांनीही कलकत्त्याच्या तिन्ही मोठ्या क्लबांचे रंग अंगावर घातले: ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडन स्पोर्टिंग. आपल्याला हे ऐकायला साधं वाटतं, पण कलकत्त्यात ईस्ट बंगाल सोडून मोहन बागानकडे जाणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसालाच विचारावं. दर हंगामाआधी खेळाडूंच्या सह्यांचे दिवस आले की क्लबची माणसं आपल्या खेळाडूंना दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवत. लाखो लोक ज्याच्यावर जीव टाकतात, त्यालाच पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगात पाहून शिव्याही घालतात. बचाव करणाऱ्याला हे जास्त सोसावं लागतं, कारण गेल्या वर्षीचे सोबतीच आता समोरून चाल करून येतात.

ते पैशासाठी गेले का? हा प्रश्न त्या काळी टोचून विचारला जायचा. कागदोपत्री भारतातला फुटबॉलपटू हौशी. रेल्वेत, पोलिसांत, बँकेत, कस्टममध्ये चिकटवून द्यायचं आणि खेळ करून घ्यायचा, ही पद्धत. हातात काय पडेल ते क्लबच्या मर्जीवर. गुडघा गेला की संपलं. हबीबने नोकरी न घेता फुटबॉलवरच पोट भरलं, म्हणून त्याला भारताचा पहिला खरा व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणतात. आपल्यापैकी काहींची नातवंडं आज टोरांटो, शिकागोकडे आहेत आणि व्हिडिओ कॉलवर आजोबांना बर्फावरच्या हॉकीची माहिती देतात. त्या खेळात निकलास लिडस्ट्रॉम नावाचा स्वीडनचा बचावपटू होऊन गेला. १९९१ ते २०१२ या काळात तो २० हंगाम डेट्रॉइटच्या एकाच संघातून खेळला. ४ वेळा स्टॅन्ली चषक जिंकला, ७ वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. तिथे करार लेखी असतो, पगार ठरलेला असतो, म्हणून वीस वर्षं एका जागी राहणं जमतं. आपल्याकडे एका जागी राहायला पोटाचा आधार लागतो, तोच नव्हता. त्यामुळे नईमुद्दीन किंवा हबीब यांनी शहर सोडलं याचा दोष त्यांना देणं आम्हाला पटत नाही. आपल्याही मुलांनी पुणं, बंगळूर, अमेरिका गाठलं ते काही आईबापांवर रुसून नव्हे.

आता त्या दिवसाकडे येऊ, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. डिसेंबर १९७०, बँकॉक. आशियाई स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार नईमुद्दीन. प्रशिक्षक जी. एम. एच. बाशा आणि सोबत पी. के. बॅनर्जी. संघात हबीब, सुधीर कर्माकर, श्याम थापा, मगन सिंग, सुभाष भौमिक. उपांत्य सामन्यात ब्रह्मदेशाने आपल्याला २-० असं हरवलं. सुवर्ण गेलं. अशा वेळी संघाचा धीर सुटतो. तिसऱ्या क्रमांकाचा सामना म्हणजे उपचार, असं खेळाडूंनाच वाटू लागतं. आणि समोर कोण, तर जपान. दोनच वर्षांपूर्वी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक जिंकलेला देश. भारत त्या ऑलिंपिकला पात्रही ठरला नव्हता.

मनजीत सिंगने गोल केला. त्यानंतर राहिलेलं काम बचावफळीचं होतं: एका गोलाची आघाडी सांभाळायची. ती सांभाळली गेली. १-०. ब्राँझपदक भारताचं.

आशियाई स्पर्धांच्या इतिहासात फुटबॉलमध्ये भारताला फक्त ३ पदकं मिळाली आहेत. १९५१ चं दिल्लीचं सुवर्ण, प्रशिक्षक रहीम साहेब. १९६२ चं जाकार्ताचं सुवर्ण, प्रशिक्षक रहीम साहेब. १९७० चं बँकॉकचं ब्राँझ, कर्णधार नईमुद्दीन. तिन्ही पदकांवर हैदराबादचा हात आहे. १९७० नंतर चौथं पदक आलेलं नाही. आपल्या मंडळाच्या प्रश्नमंजूषेत चारमिनार कोणी बांधला हे दरवर्षी विचारलं जातं. हाही प्रश्न एकदा विचारून पाहावा. किती हात वर येतात ते बघू.

त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार नईमुद्दीन यांना मिळाला. बचावपटूची कारकीर्द साधारण इथे संपते आणि आठवणी सुरू होतात. त्यांच्या बाबतीत उलट झालं. खेळणं थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले, आणि खेळाडू म्हणून जितकी वर्षं घालवली त्याहून कितीतरी जास्त वर्षं त्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून काढली. १९९० साली त्यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने आयएफए शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तिन्ही मानाचे चषक एकाच हंगामात जिंकले. त्याच सालचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना देण्यात आला. फुटबॉलमध्ये अर्जुन आणि द्रोणाचार्य हे दोन्ही मान मिळवणारे ते पहिले. भारतीय संघाची धुरा त्यांच्याकडे एकाहून अधिक वेळा आली. १९९७ ला काठमांडूत आणि २००५ ला कराचीत भारताने दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकलं, दोन्ही वेळा प्रशिक्षक नईमुद्दीन. बायचुंग भुतिया, आय. एम. विजयन ही नावं आपल्या मुलांना माहीत असतात. १९९७ च्या त्या संघामागे आपल्या शहराचा माणूस उभा होता, हे माहीत नसतं. मध्ये ते ढाक्यालाही गेले आणि तिथल्या ब्रदर्स युनियन या क्लबला त्यांनी लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. वयाची साठी उलटली तरी काम चालू होतं.

त्यांच्याबद्दल खेळाडू दोन प्रकारे बोलत. शिस्त फार कडक, खाण्यापिण्यावर लक्ष, पहाटेचा सराव चुकला तर खैर नाही. म्हणून काही जण वैतागत. त्याच कारणासाठी काही जण आयुष्यभर ऋणी राहिले. आम्हाला यात चादरघाटच्या मास्तरांची सावली दिसते. विद्यार्थ्याला आवडण्याचा खटाटोप न करणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्याला शिकवलेला पाढा पन्नास वर्षांनी आठवतो तो त्यांच्यामुळे.

आता हैदराबादचं काय झालं तेही सांगायला हवं. १९६० च्या आसपास सिटी पोलीस हे नाव मागे पडलं आणि आंध्र पोलीस हे नाव पुढे आलं. त्या नावानेही १९६१ चा ड्युरँड जिंकला. १९६५-६६ ला आंध्र प्रदेशने संतोष चषक आणला. पण रहीम साहेब गेल्यावर त्यांची जागा घेणारं कोणी उभं राहिलं नाही. चांगला मुलगा तयार झाला की कलकत्त्याची गाडी पकडू लागला, आणि ज्यांना पाहून धाकटी पोरं शिकायची ती थोरली पोरंच गावात दिसेनाशी झाली. फतेह मैदानाचं १९६७ ला लाल बहादूर स्टेडियम झालं आणि शहराचं मन हळूहळू क्रिकेटकडे वळलं. गल्लीतली मोकळी जागा तर विचारूच नका. जिथे पोरं चेंडू मारायची तिथे आज गोदामं आणि गाड्या आहेत. बऱ्याच वर्षांनी २०२२ च्या मार्चमध्ये हैदराबाद एफसीने गोव्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला, तेव्हा शहराचं नाव पुन्हा देशाच्या फुटबॉलमध्ये वर आलं. आनंद झालाच. पण त्या संघाच्या जल्लोषात काचिगुड्याच्या मास्तरांची किंवा बँकॉकच्या कर्णधाराची आठवण काढणारे आमच्या ओळखीत तरी फार थोडे निघाले. १५ ऑगस्ट २०२३ ला हबीब इथेच, हैदराबादेत वारले. कलकत्ता हळहळलं. आपल्या शहरात ती बातमी स्वातंत्र्यदिनाच्या गडबडीत अनेकांच्या नजरेतून सुटली, त्यात आम्हीही होतो.

हे सगळं मराठी मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असं कुणी म्हणेल. आपण ‘आमचं हैदराबाद’ असं म्हणतो, तेव्हा त्यात विवेकवर्धिनी येते, ग्रंथसंग्रहालय येतं, मुक्तिसंग्राम येतो, आपल्या गणेशोत्सवाची परंपरा येते. ते सगळं आपलं आहेच. पण १९५६ साली ज्यांनी इथे राहायचं ठरवलं, त्यांनी केवळ मराठी हैदराबाद निवडलं नव्हतं. उर्दूत हिशेब लिहिणारा शेजारी, तेलुगूत भाजी विकणारी बाई, कूपरेजवर जिंकणारा पोलीस संघ, हे सगळं मिळून जे शहर होतं ते निवडलं होतं. रहीम साहेब आणि नईमुद्दीन त्या निवडीत येतात. ते आपले नसतील तर आपलं इथे राहणंही अर्धवट राहतं.

एक काम करता येण्यासारखं आहे. जुन्या घरांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत अजून काय काय पडलेलं असतं. फतेह मैदानावरच्या सामन्याचं तिकीट, मुंबईच्या नातलगाने रोव्हर्सचा निकाल कळवलेलं पत्र, सिटी पोलीस संघाचं कात्रण, एखाद्या आजोबांच्या वहीतली नोंद. असं काही सापडलं तर रद्दीत घालू नका. उत्सवाच्या दहा दिवसांत मंडपात एक टेबल मांडू आणि जे जमेल ते तिथे ठेवू. ज्यांनी फतेह मैदानावर त्या काळचे सामने प्रत्यक्ष पाहिले, अशी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांना एका संध्याकाळी आरतीनंतर खुर्चीवर बसवून पोरांना प्रश्न विचारू द्यावेत. पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते पोरं ठरवतील. दुसरा आम्ही सुचवतो: आजोबा, मुंबई विरुद्ध हैदराबाद होती तेव्हा तुम्ही कुणाच्या बाजूने ओरडलात?